अ‍ॅनालॉग मिक्सर की सॉफ्टवेअर? सोलापूरचा उन्हाळा काढल्यावर

आधी हमबद्दल, म्हणजे विजेमुळे आवाजात येणाऱ्या घरघरीबद्दल, लिहितो, कारण माझ्यासाठी बाकी सगळं त्यापुढे किरकोळ आहे. मिक्सर, म्हणजे अनेक आवाज एकत्र करायचं यंत्र, सोळा चॅनेलचा, अ‍ॅनालॉग, यूएसबीवाला. स्पेसिफिकेशन सगळीकडे मिळतात, ते सोडतो. मी हलगी आणि संबळाचे सॅम्पल (रेकॉर्ड केलेले तुकडे) घेऊन टेक्नो, म्हणजे यंत्रांच्या तालावरचं नाचाचं संगीत, करतो. सगळे ट्रॅक कॉम्प्युटरमधून बाहेर काढायचे, मिक्सरवर हाताने मिक्स करायचे आणि पुन्हा आत घ्यायचे, असा बेत होता.

घर अशोक चौकाच्या पलीकडे, चारी बाजूंनी यंत्रमाग. सकाळी माग सुरू झाले की हेडफोनमध्ये बारीक 'हंऽऽ' चढायला लागतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. माझ्या एका ट्रॅकचा सब-बेस, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, जी स्वरावर, म्हणजे ४९ हर्ट्झवर. दोन्हींत एका हर्ट्झचा फरक, त्यामुळे लांब धरलेला बेस दर सेकंदाला एकदा फुगतो आणि बसतो. पाच इंची स्पीकरवर इतका खालचा आवाज नीट येतच नाही, म्हणून आधी लक्षात आलं नाही. चांगल्या हेडफोनवर मात्र दुसरं काही ऐकूच येईना. गाण्याची पट्टी बदल, असं एका मित्राने सुचवलं. मिक्सरसाठी पट्टी बदलायची हे मला मान्य नाही.

मग सर्व्हिस सेंटर. मिक्सर पुण्याला पाठवला, कुरिअरचा खर्च माझा. बरेच दिवसांनी परत आला, सोबत 'तपासणी शुल्क' म्हणून बाराशेचं बिल, वॉरंटी चालू असताना! फोन केला तर उत्तर एकच : "साहेब, मशीन ओके आहे, तुमचं अर्थिंग बघा." काय तपासलं, कोणत्या चॅनेलवर मोजलं, याचा एक शब्द कागदावर नाही. याचा मला आजही राग आहे.

इथवरचा मजकूर मे महिन्यात लिहून ठेवला होता, आणि तेव्हा मिक्सरला सरळ नापास केलं होतं. पुढे गल्लीतल्या वायरमनकाकांनी मीटरजवळचा अर्थिंगचा खड्डा उघडून दाखवला. मीठ-कोळसा पार कोरडा, माती तडकलेली. "मालक, ही अर्थिंग नुसती नावाला आहे. उन्हाळ्यात पाणी कोण घालतं का?" खड्डा नव्याने भरला, बादलीभर पाणी ओतलं. लॅपटॉप, इंटरफेस (आवाज कॉम्प्युटरच्या आत-बाहेर नेणारी पेटी), मिक्सर सगळं एकाच बोर्डावर घेतलं, साध्या मोनो केबल काढून बॅलन्स्ड, म्हणजे वाटेतला हम कापणाऱ्या, लावल्या. हम बराचसा गेला. काही जण चार्जरची अर्थची पिन तोडतात, तसं कृपा करून करू नका. हम जाईल, पण शॉक बसेल.

हम गेल्यावर मिक्सर खरा कळला. इकोतून परत येणारा आवाज नेहमीच्या इफेक्ट-रिटर्नच्या जागी न घेता एका मोकळ्या चॅनेलवर घ्यायचा आणि त्याच चॅनेलचा ऑक्स सेंड (आवाज इकोकडे पाठवणारं बटण) हळूहळू उघडायचा. हलगीचा एक ठोका स्वतःवरच चढत जातो, बोट अर्धा मिलिमीटर हललं तरी रंग बदलतो. १९७०च्या दशकात जमैकातल्या किंग्स्टनमध्ये साउंड इंजिनिअर किंग टबी यांनी मिक्सिंग डेस्कलाच वाद्य केलं ते का, हे त्या रात्री हाताला कळलं. माउसने ही मजा येत नाही. आठ फेडरचा (सरकत्या बटणांचा) मिडी कंट्रोलर, म्हणजे सॉफ्टवेअर हाताने चालवायची पाटी, घेतला तर निम्मी येते.

तरीही पूर्ण मिक्सिंग आता मी सॉफ्टवेअरमध्येच करतो, आणि त्याला दोन कारणं आहेत. पहिलं पैशाचं. चॅनेल सोळा, पण माझ्या मिक्सरच्या यूएसबीतून दोनच ट्रॅक जातात. ट्रॅक वेगवेगळे बाहेर काढायला आठ आउटपुटचा इंटरफेस लागतो, तो मिक्सरपेक्षा महाग, वर केबल वेगळ्या. नवी पेठेत सुट्टे जॅक घेऊन मी स्वतः सोल्डर केल्या, तरी खिसा हलका झालाच. याउलट रीपर या मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरचं वैयक्तिक लायसन्स ६० डॉलरला आहे आणि आधी ६० दिवस वापरून बघता येतं.

दुसरं कारण रिकॉलचं, म्हणजे जुना मिक्स जसाच्या तसा परत लावण्याचं. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेआधी एका मंडळासाठी ट्रॅक केला होता. मिक्स झाला, मिक्सर दुसऱ्या गाण्यासाठी वापरला आणि मग फोन आला : "हलगी थोडी वर घ्या की." प्रत्येक चॅनेलला गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी), तीन इक्यू (जाड-बारीक आवाज कमी-जास्त करणारे), दोन ऑक्स, पॅन (डावं-उजवं) आणि फेडर, म्हणजे आठ जागा. सोळा चॅनेलच्या १२८. मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते, तरी तोच मिक्स परत लागला नाही. सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडायची, फेडर दोन डीबी (डेसिबल) वर, काम झालं.

'अ‍ॅनालॉगमध्ये बेरीज गोड होते', म्हणजे ट्रॅक एकत्र केले की आवाज छान लागतो, असं बरेच जण म्हणतात, ते मला पटत नाही. सॉफ्टवेअरमधली बेरीज ही नुसती बेरीज असते, ३२ बिट फ्लोट या आकडे साठवायच्या पद्धतीत आतला मीटर लाल झाला तरी काही तुटत नाही, शेवटी मास्टर, म्हणजे एकूण आवाज, खाली घेतला की पुरतं. गोडवा येतो तो मिक्सरचा गेन जास्त वाढवल्यावर होणाऱ्या डिस्टॉर्शनमुळे, म्हणजे आवाज थोडा फाटल्यामुळे. त्यासाठी अख्खा मिक्स बाहेर काढायची गरज नाही. मी फक्त किक (ड्रमचा खालचा ठोका) आणि हलगी मिक्सरमधून फिरवून आणतो.

फेडरचीही तक्रार आहे. मागांची रुई खिडकीतून येते, फटीत बसते, आणि फेडर सरकवला की खरखर. रोज कापड झाका. स्प्रे मारायचा तर फेडर-क्लीनरच मारा. सायकलला मारतात तो तेलकट स्प्रे धूळ आणखी धरतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी चांगला हेडफोन घ्यावा, घरचं अर्थिंग तपासून घ्यावं, आणि मग साधा दोन इनपुटचा इंटरफेस. मिक्सर नंतर, तोही सेकंड हँड आणि विकणाऱ्यासमोर प्रत्येक फेडर सरकवून बघूनच.

माझा मिक्सर मी विकणार नाही. बाराशे रुपये मात्र अजून परत मिळालेले नाहीत. बिल जपून ठेवलंय, दर आठवड्याला मेल करतोय आणि करत राहणार.