निआ बेहून हॅलिबट चार्टर: सरहद्दीलगतच्या पाण्यातल्या सहा जणांच्या बोटीचं परीक्षण

वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाला, मकाह जमातीच्या राखीव भूमीत निआ बे हे छोटं बंदर आहे. तिथून हुआन डी फूका सामुद्रधुनीत आणि टाटूश बेटापलीकडे खुल्या समुद्रात हॅलिबट या मोठ्या चपट्या माशासाठी चार्टर, म्हणजे भाड्याच्या, बोटी निघतात. हे परीक्षण त्यांतल्या 'सिक्स-पॅक' प्रकाराचं, म्हणजे कोस्ट गार्डच्या परवान्यानुसार जास्तीत जास्त सहा पैसे भरलेले प्रवासी नेणाऱ्या बोटीचं आहे. कुठल्याच बोटीचं नाव घेत नाही. हंगाम दरवर्षी बदलतो, डेकहँड (बोटीवरचे मदतनीस) बदलतात, आणि एका दिवसाच्या माशावरून बोटीची पत ठरत नाही. चांगली बोट ओळखायची कशी, आणि दिलेल्या पैशांत नेमकं काय पदरात पडतं, एवढंच पाहू.

आधी नियम. हंगाम वसंतात सुरू होतो, बहुतेक काळ आठवड्यातले ठरावीक वारच खुले असतात आणि कोटा भरला की मासेमारी थांबते. त्यामुळे जूनअखेरची तारीख घेताना बंदी आली तर पैसे परत मिळणार की पुढची तारीख, हे लेखी घ्या. एका माणसाला दिवसाला एकच हॅलिबट ठेवता येतो. वॉशिंग्टनमध्ये किमान लांबीची अट नाही. परवाना 15 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लागतो, पण हॅलिबटचं कॅच कार्ड (ठेवलेल्या माशाची नोंद करायचं कार्ड) लहान पोरालाही लागतं, आणि मासा ठेवायचा ठरला की नोंद तिथल्या तिथे पेनानं करायची, धक्क्यावर पोचल्यावर नाही. कार्ड घरी विसरणाऱ्याला चांगला कॅप्टन बोटीवर घेत नाही. यात त्याचा उद्धटपणा नाही, परवाना त्याचाही पणाला लागलेला असतो.

आता सरहद्द. 1846 च्या करारानं ठरलेली अमेरिका-कॅनडा सीमा या सामुद्रधुनीच्या मधोमध जाते. हॅलिबटचं व्यवस्थापन मात्र दोन्ही देश मिळून करतात. त्यासाठीचा करार 2 मार्च 1923 चा, आणि ब्रिटनच्या सहीशिवाय कॅनडानं स्वतः केलेला तो पहिला आंतरराष्ट्रीय करार. स्वतंत्र सहीचा मान एका चपट्या माशामुळे मिळाला, हेही खरंच. त्या करारातून आलेल्या हॅलिबट आयोगाच्या नकाशात रेषेच्या दक्षिणेला क्षेत्र 2ए, उत्तरेला 2बी. मासा तोच, पण उत्तरेला कॅनडाचा वेगळा परवाना, कमाल लांबीची मर्यादा आणि वर्षभरात ठेवायच्या माशांची वेगळी गणती. दक्षिणेला बिनधास्त ठेवता येणारा मोठा मासा एक मैल उत्तरेला सोडून द्यावा लागू शकतो.

स्विफ्टशुअर बँक ही टाटूशपासून साधारण 14-15 सागरी मैलांवरची उथळ बँक, म्हणजे समुद्रतळाचा उंचवटा, या रेषेच्या दोन्ही अंगांना पसरली आहे. त्यात सामुद्रधुनीच्या तोंडाबाहेर दोन्ही देशांनी आखलेल्या सीमारेषा आजही एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून इथल्या शहाण्या कॅप्टनचा चार्टप्लॉटर, म्हणजे नकाशावर बोटीची जागा दाखवणारा पडदा, पाहावा. त्यावर सीमारेषेच्या अर्धा मैल अलीकडे आणखी एक रेघ आखलेली असते आणि ती ओलांडली की गजर वाजतो. अर्धाच मैल का, तर बोट दीड नॉटनं, म्हणजे तासाला दीड सागरी मैलानं, वाहत असेल तर अर्धा सागरी मैल 20 मिनिटांत संपतो, आणि 500 फुटांवरून गळ वर घेऊन बोट वळवायला त्यातली निम्मी वेळ जाते. सामुद्रधुनीच्या आत प्रवाह पूर्व-पश्चिम वाहतो आणि सीमाही जवळपास तशीच, त्यामुळे तिथे वाहणं बरंचसं समांतर राहतं. बँकेवर प्रवाह फिरतो, तिथे गजराशिवाय वाहणारा कॅप्टन बेफिकीर समजावा.

अमेरिकी बाजूतही सगळं पाणी मोकळं नाही. किनाऱ्यापासून आत समुद्रात, वरून पाहिलं तर इंग्रजी 'सी' अक्षरासारखा दिसणारा एक बंद पट्टा आहे. यलोआय रॉकफिशच्या रक्षणासाठी तिथे हौशी मासेमारांना हॅलिबट आणि तळमासे दोन्हींना मनाई आहे. यलोआय कुठेही मिळाला तरी सोडावाच लागतो. खोलातून वर येताना त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते आणि तो परत खाली जाऊच शकत नाही. म्हणून त्याला दोरीनं खोल नेऊन सोडणारं 'डिसेंडिंग डिव्हाइस' बोटीवर जोडून तयार असणं 2017 पासून सक्तीचं आहे. बोटीवर चढताच ते दाखवायला सांगा. खोक्याच्या तळातून, गुंडाळी सोडवत काढलं तर एक गुण कापा.

आता साहित्य, कारण दिवसाचं यश इथेच ठरतं. निआ बेची हॅलिबटची जागा म्हणजे साधारण 250 ते 600 फूट खोल रेतीगोट्याचं पठार. त्यासाठी 65 ते 80 पौंडांची वेणीची दोरी हवी. नायलॉनची साधी दोरी एवढ्या खोलीत रबरासारखी ताणते आणि चाव कळतच नाही. टोकाला तारेचा इंग्रजी 'एल' आकाराचा स्प्रेडर: आखूड हाताला शिसं, लांब हाताला दीड ते दोन फुटांचा जाड लीडर (हुकाला बांधलेली दोरी) आणि 16/0 मापाचा, टोक आत वळलेला सर्कल हुक. स्प्रेडरचं काम एकच, खाली जाताना आमिष मुख्य दोरीला गुंडाळू न देणं. वरून भरभर सोडलेल्या गळाचा तळाशी पोचेपर्यंत गुंता होतो आणि माणूस अर्धा तास गुंत्याची मासेमारी करतो. म्हणून स्पूलवर अंगठा ठेवून सावकाश सोडायचं. आमिष हेरिंग, त्यासोबत ऑक्टोपसचा तुकडा. हेरिंग मऊ, मुशीच्या एका चाव्यात जातं. ऑक्टोपस चिवट, तो हुकावर राहतो. फक्त हेरिंग देणारी बोट डॉगफिशच्या, म्हणजे आपल्या मुशीच्या थव्यात सापडली की सगळा दिवस आमिष लावण्यात जातो.

बोट ठरवताना फोटोतले मासे पाहू नका, शिसं किती वजनाचं ठेवता ते विचारा. उत्तर 'एक पौंडापासून तीन पौंडांपर्यंत सगळं' असं यायला हवं. 'दोन पौंड' एवढंच सांगणारा माणूस प्रवाह जोरात असला तरी तुमच्याकडून तेच वापरवणार. दोरी उभी असली पाहिजे. ती 45 अंशांवर गेली की शिसं तळाला टेकतच नाही, आमिष वर तरंगतं, आणि सहा दोऱ्यांचा एकमेकींत गुंता होतो. या पाण्याची आणखी एक खोड अशी की वरचा प्रवाह बाहेर जात असताना खोलातलं पाणी आत येत असतं. त्यामुळे बोट एका बाजूला आणि दोरी भलत्याच बाजूला, असं दृश्य दिसतं. नवख्याला वाटतं गळ अडकला. जाणता डेकहँड फक्त वजन बदलतो.

हिशेब आधीच करून ठेवा. रीलच्या एका फेऱ्यात 30 इंच दोरी येत असेल तर 500 फुटांना 200 फेरे, तेही शिशाच्या वजनासकट, आणि मुशीनं आमिष खाल्लं तर दर वेळी पुन्हा. खांदा दुखत असेल तर इलेक्ट्रिक रील आहे का हे आधी विचारा. ती वापरण्यात कमीपणा नाही.

वेळेच्या बाबतीत बहुतेक बोटी पैसे वसूल करून देतात. हॅलिबट सगळ्यात चांगला खातो तो पाणी थांबायच्या आधी तासभर आणि नंतर तासभर. इथे एक चूक नेहमी होते: किनाऱ्याचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून वेळ ठरवतात. सामुद्रधुनीत प्रवाह थांबण्याची वेळ पूर्ण भरतीच्या किंवा ओहोटीच्या वेळेशी जुळत नाही, त्यासाठी प्रवाहाचं वेगळं कोष्टक असतं. शक्य असेल तर भांगाच्या दिवसांतली तारीख घ्या. उधाणाला पाणी इतकं पळतं की कामाचा वेळ जेमतेम उरतो. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सामुद्रधुनीत बोगद्यासारखा शिरतो, आणि तेव्हा ओहोटीचं पाणी पश्चिमेलाच बाहेर जात असेल तर वारा आणि प्रवाह समोरासमोर येऊन आखूड, उभ्या लाटा उठतात. पहाटे निघून दुपारच्या आत परतणारी बोट म्हणून योग्य. 'उशिरा निघू, निवांत' म्हणणारी नको.

नांगर टाकायचा की वाहत राहायचं? सामुद्रधुनीच्या आत नांगराचा फायदा आहे, कारण आमिषाचा वास एकाच रेषेत खाली पसरतो आणि मासा त्या वासावर चालून येतो. पण मोठ्या जहाजांसाठी आखलेल्या येण्या-जाण्याच्या मार्गिकांत नांगर टाकू नये, आणि तिथे मासेमारी करणाऱ्या छोट्या बोटीनं जहाजाची वाट अडवायची नाही, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. कंटेनर जहाजाला वळायला मैलभर लागतो. चांगला कॅप्टन जहाज-वाहतूक नियंत्रणाचं चॅनेल रेडिओवर लावून ठेवतो, आणि नांगराच्या दोरीला बोया बांधलेला असतो. जहाज आलं किंवा मोठा मासा लागला की दोरी बोयासकट सोडून मोकळं व्हायचं, नांगर नंतर घ्यायचा. बोया नसेल तर नांगर टाकूच देऊ नका.

चाव लागल्यावर काय करायचं हे डेकहँड ओरडून सांगतो, तेवढं ऐका. झटका मारू नका. सर्कल हुक झटक्यानं तोंडातून सरळ बाहेर येतो. सावकाश गुंडाळत राहिलं की तो आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. भारताच्या किनाऱ्यावर साध्या गळानं मासे काढलेल्या हाताला ही सवय मोडायला अर्धा दिवस लागतो. मासा वर आला की त्याचं डोकं पाण्याबाहेर काढायचं नाही. उजेड आणि हवा लागली की तो असा झाडतो की हुक सुटतो, नाहीतर कुणाची नडगी फुटते. छोट्याला गॅफ (आकडा लावलेली काठी), मोठ्याला दोरी बांधलेला, टोक सुटणारा हार्पून. त्यानंतर पाण्यातच कल्ल्यांच्या कमानी कापून रक्त जाऊ द्यायचं, शेपटीला दोरी बांधायची, आणि मगच आत घ्यायचं. जिवंत हॅलिबट थेट डेकवर आपटणारी बोट, फोटो कितीही छान येत असले तरी, आमच्या यादीतून बाद.

आणि इथेच बहुतेक चार्टर मार खातात. मासा मिळेपर्यंत सगळे चोख, मिळाल्यावर ढिले. दमून, तापून मेलेल्या हॅलिबटच्या मांसात आम्ल साठतं, मांस पांढरंफटक, खडूसारखं होतं आणि शिजवल्यावर कोरडं लागतं. विषारी नसतं, पण एवढ्या पैशांचा खडू कशाला खायचा? उपाय साधा: रक्त काढणं, लगेच पोट साफ करणं, आणि खारं पाणी घातलेल्या बर्फाच्या चिखलात पूर्ण बुडवणं. वर चार बर्फाचे खडे टाकलेला खोका म्हणजे बर्फ नव्हे. धक्क्यावर कापून देताना चार फिलेट हव्यात, दोन पाठीच्या, दोन पोटाच्या, आणि गालाचे दोन तुकडे. गाल मागून घ्या. विसरले म्हणतात, पण विसरत कुणी नाही. संपूर्ण माशाच्या वजनाच्या साधारण निम्मं वजन फिलेटचं धरा. 40 इंची मासा सुमारे 28 पौंडांचा, म्हणजे 13-14 पौंड मांस. 100 पौंडांपलीकडचे जवळपास सगळे मासे माद्या असतात. असा मासा लागला तर सोडायचा की ठेवायचा, हे तुम्हीच ठरवायचं. दबाव आणणारा कॅप्टन बरा नव्हे.

'कॉम्बो' नावानं दिवसाचा दुसरा भाग किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात ब्लॅक रॉकफिश आणि लिंगकॉडसाठी विकतात. हॅलिबट लवकर मिळाला तर मजा. नाही मिळाला तर तोच वेळ त्यासाठी वापरणार का, हे आधी ठरवून घ्या. बोटीवर त्या वादाला जागा नसते.

गुण द्यायचे तर: पाणी ओळखणं आणि वेळ साधणं 5 पैकी साडेचार, साहित्य 4, सरहद्दीची काळजी 4, पकडल्यानंतरची देखभाल अडीच. डेकहँडची टिप दरात धरलेली नसते, 15 ते 20 टक्के बाजूला ठेवा.

काही किरकोळ गोष्टी. पोर्ट एंजेलिसहून पुढचा 112 क्रमांकाचा रस्ता वळणावळणाचा आहे आणि दरडींमुळे मध्येच बंद होतो, म्हणून आदल्या रात्रीच पोचा. मकाह भूमीवर किनारे आणि पायवाटा वापरायला जमातीचा करमणूक परवाना लागतो. मळमळीची गोळी बोट हलायला लागल्यावर उपयोगाची नाही, आदल्या रात्री एक आणि निघण्याच्या तासभर आधी एक, डॉक्टरला विचारून. फोन विमान-मोडवर टाका, नाहीतर व्हँकूव्हर बेटावरचा टॉवर पकडून तो परदेशी रोमिंगचं बिल चालू करतो. आणि गाडीत मोठा कूलर बर्फासकट भरून ठेवा. परतल्यावर बर्फ शोधत हिंडायची वेळ आली तर त्या 14 पौंडांचं काय होतं ते वर सांगितलंच आहे.