कंपनीच्या रिमवर मोठे टायर टाकले आणि तारीख निघाली आतल्या बाजूला

हे लिहायला जरा लाजच वाटतेय, कारण गाडीतलं आपल्याला बऱ्यापैकी कळतं असा माझा समज होता. पण ज्यांच्याकडे पिकअप आहे आणि कंपनीच्याच रिमवर मोठे टायर टाकायचं डोक्यात घोळतंय त्यांनी वाचाच, माझं जे व्हायचं ते होऊन गेलं.

गाडीला मूळचे टायर २४५/७० आर १६. म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर, साइडवॉल म्हणजे टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के आणि रिम १६ इंची. चाकाच्या वर मडगार्डात एवढी पोकळी दिसायची की गाडी कशी उघडीबोडकी वाटायची. जुन्या टायरची नक्षी अजून निम्मी शिल्लक होती, घाई काहीच नव्हती, पण हौस. २०२४ मधली गोष्ट. गेलो एका टायरवाल्याकडे.

त्याने आधी २८५/७५ च दाखवले. मी म्हटलं रिमवर बसतील का, तर म्हणे "साहेब, बसवायचं काम आमचं." नशीब तेवढं तरी मी नको म्हटलं. माझी रिम ७ जे म्हणजे ७ इंच रुंद, आणि त्या टायरला कमीत कमी साडेसात इंची रिम लागते, हे नंतर कळलं. मग गाडी आली २६५/७५ आर १६ वर. हा ७ इंची रिमवर चालतो, पण अगदी काठावर. आता त्याचा प्रयोग ऐका. गाडी सपाट जागेवर उभी, रिकामी, स्टिअरिंग सरळ. एक टायर चढवला, टायर आणि मडगार्डच्या मध्ये हात घातला आणि म्हणाला, "बघा साहेब, चार बोटं आरामात जातात, घासायचा प्रश्नच नाही." मी पण माझी चार बोटं घालून बघितली आणि खूश झालो, येडा कुठला. स्टिअरिंग एकदा शेवटपर्यंत फिरवून बघू असं म्हणायला तोंड उघडलं नाही.

टायरवर पांढरी उठावाची अक्षरं होती, ती बाहेरच्या बाजूला. काय झकास दिसत होती गाडी! "१० प्लायचा एलटी माल आहे, ट्रकचा टायर" (प्लाय म्हणजे टायरच्या मजबुतीचा आकडा, एलटी म्हणजे लाइट ट्रक) म्हणून भाव वरचा लावला, स्पीडोमीटर नव्या साइजला सेट करायचे वेगळे घेतले (एक स्कॅनर लावून दोन मिनिटं बटणं दाबली, झालं), आणि जुने चारही टायर "भंगारात टाकतो, तुम्हाला कशाला कटकट" म्हणून ठेवून घेतले. बिलावर काय, तर टायर ४ नग. साइज नाही, नंबर नाही, काही नाही.

पहिल्याच वळणावर रिव्हर्स घेताना खर्रर्र आवाज. पुढचा टायर मागच्या बाजूने मडफ्लॅपला आणि आतल्या प्लास्टिकला घासत होता. मागे माल भरला, खड्ड्यात गाडी दबली की अजून जास्त. परत गेलो तर म्हणे स्पेसर टाका, चाक बाहेर येईल, घासायचं थांबेल. स्पेसर म्हणजे हब आणि रिमच्या मध्ये बसणारी जाड चकती. २५ मिलिमीटरचे घेतले, त्याचे परत पैसे. आता थोडं डोकं चालवलं असतं तर कळलं असतं, चाक बाहेर सरकवलं की वळताना त्याचा टोकाचा भाग अजून मोठा फेरा मारतो, म्हणजे आत चासिसला घासत असेल तर स्पेसरने फरक पडेल, बाहेर फ्लॅपला घासत असेल तर उलट वाढेल. वाढलंच. मग त्याच्या पोराने कटरने प्लास्टिक कापलं, मला न विचारता.

खरी गंमत पुढे. महिन्याभराने मेव्हणा आला होता, तो वर्षानुवर्षं मालाच्या गाड्या चालवणारा माणूस. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "दाजी, तारीख कुठाय टायरवर?" मी म्हटलं असेल की. टायरवर डीओटी कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. तो पूर्ण कोड एका बाजूला असला की झालं, दुसऱ्या बाजूला बऱ्याचदा अर्धाच असतो, तारीख नसलेला. बाहेरच्या बाजूला चारही टायरवर अर्धाच कोड. मेव्हणा टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला, मोबाइलवर फोटो काढले आणि माझ्या हातात दिले. ३११८. म्हणजे २०१८ चा ३१ वा आठवडा. जवळजवळ सहा वर्षांचे टायर मला नवे म्हणून लावले, आणि नक्षीच्या खाचांमध्ये केसासारख्या बारीक चिरा दिसत होत्या, त्या मी पांढऱ्या अक्षरांच्या नादात कधी वाकून बघितल्याच नाहीत. कित्येक गाडीवाल्या कंपन्या सहा वर्षं झाली की टायर बदला म्हणतात, माझे तर लावतानाच तिथे पोचलेले.

मग वाचत बसलो सगळं. साइजच्या आधी एलटी कुठेच नाही. पुढे ११६ टी. टी ही वेगाची खूण, ११६ हा वजनाचा आकडा, म्हणजे एक टायर १२५० किलो पेलतो. माझ्या जुन्यावर १११ होतं, म्हणजे १०९० किलो, तेव्हा वजनाला कमी पडतोय असं नाही, उगाच खोटं कशाला बोलू. पण एलटीवर १२३ असतं, १५५० किलो, आणि पैसे मी त्याचे मोजले होते.

स्पीडोमीटर जीपीएसशी ताडून बघितला. काटा ८० वर, जीपीएस ८६. म्हणजे सेट बिट काही केलेलंच नव्हतं. हिशोब साधा आहे, जुन्या टायरचा व्यास ७४९ मिलिमीटर, नव्याचा ८०४, सात टक्क्यांच्या वर फरक, साधारण तीनच्या आत ठेवावा असं म्हणतात. अ‍ॅव्हरेज एकदम पडलं म्हणून मी डोकं धरून बसलो होतो त्यातलं थोडं या चुकीच्या मीटरचंच होतं, बाकी मात्र खरंच पडलं. चढावर गाडी दमते ते वेगळंच. आणि एवढं करून गाडी उचलली गेली किती? सत्तावीस मिलिमीटर. दोन बोटं पण नाहीत. स्टेपनी जुन्याच साइजची, म्हणजे पंक्चर झालं तर एक चाक बुटकं, आणि नवा टायर स्टेपनीच्या जागेत मावत नाही.

फोटो घेऊन गेलो तर उत्तर तयार होतं. "साहेब, गोडाऊनमध्ये होते, एक किलोमीटर चाललेले नाहीत, म्हणजे नवेच की." आणि एकदा लावलेला टायर परत घेत नाही. बिल दाखवलं तर त्यावर साइजच नाही, मग हे टायर आमचेच कशावरून म्हणायला तो मोकळा. जुने टायर मागितले, तर ते विकून टाकलेले. म्हणजे मागे फिरायचा रस्ता पण त्यानेच बंद करून ठेवला होता. निम्मी नक्षी असलेले टायर भंगारात द्यायला मी कसा तयार झालो याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

शेवटी दुसरीकडून २५५/७० आर १६ घेतले, व्यास १४ मिलिमीटरच जास्त, दोन टक्क्यांच्या आत. या वेळी टायर रिमवर चढवायच्या आधी जमिनीवर आडवे करून दोन्ही बाजू वाचल्या, चारही तारखा बिलावर लिहून घेतल्या (तो माणूस कंटाळला, कंटाळू दे), पहिला टायर लावल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवलं, मागे दोन माणसं बसवून रिव्हर्स घेतला, आणि मगच बाकीचे लावू दिले. पोकळी अजून दिसते थोडी. दिसू दे.

ते २०१८ चे चार टायर आणि स्पेसर घराच्या मागे पडलेत. मध्ये एकजण पांढरी अक्षरं बघून विचारायला आला होता, मी टायर उलटा करून तारखेवर बोट ठेवलं, तो तसाच परत गेला.