जुन्या रोड सायकलचे गिअर लिव्हर: इंडेक्स घ्यावे की फ्रिक्शन?

ऐंशीच्या दशकातली रोड सायकल नव्याने उभी करताना फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर कोणते लिव्हर बसवायचे, हा प्रश्न येतोच. माझं उत्तर आधीच सांगतो. लिव्हर शेवटी निवडा, आधी मागचं चाक आणि डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग, बघा.

फ्रिक्शन लिव्हरला ठरलेली घरं नसतात. तुम्ही जिथे सोडाल तिथे तो घर्षणाने थांबतो आणि चेन दातांवर नीट बसली की नाही हे कानाने कळतं. मोठ्या चक्रीवर जाताना लिव्हर गरजेपेक्षा किंचित जास्त ओढून मग थोडा परत सोडावा लागतो. सुरुवातीला चेन किरकिरते, मग हाताला अंदाज येतो. याचा मोठा फायदा म्हणजे मागे पाच चक्र्या असोत की सात, फ्रीव्हील (मागच्या चक्र्यांचा संच) कोणत्याही कंपनीचं असो, लिव्हरने पुरेशी केबल ओढली म्हणजे झालं. इटलीच्या कॅम्पाग्नोलो कंपनीच्या जुन्या डिरेलरला जपानच्या सनटूर कंपनीचा लिव्हर बिनदिक्कत चालतो. हँगर, म्हणजे डिरेलर ज्यावर बसतो तो फ्रेमचा कान, जरासा वाकला असला तरी हात ती चूक सावरून घेतो.

त्याचा त्रास एकच, पण खरा आहे. स्क्रू ढिला झाला की चढावर जोर लावताना डिरेलरची स्प्रिंग लिव्हर ओढून घेते आणि चेन आपोआप लहान चक्रीवर उतरते. सनटूरने यावर बारीक दात्यांचं रॅचेट (एका दिशेने सहज फिरणारी यंत्रणा) बसवलं आणि फ्रान्सच्या सिम्प्लेक्स कंपनीने आत गुंडाळलेली स्प्रिंग. सिम्प्लेक्सचा तो लिव्हर हातात घेतलात तर पुन्हा दुसरा घ्यावासा वाटणार नाही, इतका तो मऊ चालतो.

जपानच्या शिमानो कंपनीने १९८४ मध्ये ड्युरा-एस या आपल्या वरच्या दर्जाच्या संचाच्या ७४०० मालिकेत इंडेक्स, म्हणजे ठरलेल्या घरांवर थांबणारा लिव्हर, आणलं. एक टक्, एक चक्री. हात हँडलवरून क्षणभरच सुटतो. गर्दीत किंवा उतारावर याचं मोल कळतं. पण लिव्हर, डिरेलर, चक्र्यांमधलं अंतर आणि केबल हे चौघं एकमेकांशी जुळले तरच हे चालतं. शिमानोच्या सात चक्र्यांत एका चक्रीपासून दुसरीपर्यंतचं अंतर ५ मिमी असतं, आठमध्ये ४.८. फरक नखाएवढाही नाही, तरी टोकाला पोचेपर्यंत तो साचतो. सनटूरचं मोजमाप वेगळं. ७४०० चा डिरेलर तर शिमानोच्याच इतर मालिकांतल्या लिव्हरशी जुळत नाही, आणि जुने सुटे भाग गोळा करताना नेमकी हीच गल्लत होते. केबल गंजलेली असेल किंवा हँगर वाकडा असेल तर इंडेक्सची तक्रार लगेच सुरू होते.

पुढच्या चेनरिंगसाठी, म्हणजे पेडलजवळच्या मोठ्या चक्र्यांसाठी, मात्र वाद नाही. या काळातल्या इंडेक्स संचांतही डावा लिव्हर साधारणपणे फ्रिक्शनचाच असतो, आणि ते सोयीचंच आहे. चेन पुढच्या डिरेलरच्या पट्टीला घासू लागली की बोटभर सरकवायचा.

सायकल मूळ संचासकट मिळाली असेल आणि तो संच शिमानोचा असेल तर इंडेक्सच ठेवा. केबल आणि आउटर (केबलचं बाहेरचं आवरण) नवे टाका, हँगर सरळ करून घ्या. निरनिराळ्या सायकलींचे भाग जोडून उभी करत असाल, किंवा सायकल इटालियन आणि सत्तरच्या दशकातली असेल, तर फ्रिक्शन घ्या. मन ठरत नसेल तर शिमानोचा उजवा इंडेक्स लिव्हर घ्या. त्यावरची कडी फिरवली की तो फ्रिक्शनवर चालू लागतो. घरापासून लांब कुठे डिरेलरला दणका बसला, तर त्या कडीच्या भरवशावर घरी पोचता येतं.