कॉलेजसाठी सायकल: गिअरची की बिनगिअरची?

रोजचा रस्ता सपाट आणि ५ किमीच्या आत असेल, तर गिअर बहुतेक वेळा नुसते मिरवायलाच. चढ लागला की मात्र बिनगिअरची सायकल गुडघ्यांवर येते.

खरा फरक स्टँडवर कळतो. दाटीवाटीत सायकल उजव्या अंगावर पडली की मागच्या डिरेल्युअरचा (चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) हँगर, म्हणजे तो सायकलला जोडणारी पट्टी, वाकू शकतो. मग गिअर आपोआप उड्या मारतात आणि सर्वांत हलक्या गिअरला डिरेल्युअर थेट स्पोकमध्ये अडकू शकतो. बिनगिअरला हे दुखणंच नाही. चेन मधोमध साधारण १ सेंमी हलेल इतकी सैल ठेवा, चाकाच्या नटांना बसणारा पाना (बहुधा १५ मिमी) जवळ बाळगा, झालं.

तेल दोन्हींना लागतंच.

चढ किंवा लांब पल्ला असेल तर गिअरची घ्या. सपाट रस्ता, गर्दीचा स्टँड आणि देखभालीचा कंटाळा असेल तर बिनगिअरची.