टूम्ब रेडर रिमास्टर: लाराचा काळ ओळखावा तिच्या उडीवरून

टूम्ब रेडर या व्हिडिओ गेम मालिकेचे चाहते तिच्या नायिकेचे, लारा क्रॉफ्टचे, तीन काळ मानतात. कुठली लारा कुठल्या काळातली, हे ओळखायला हिमालयातला एक विमान अपघात पुरतो. मूळ लारा एकविसाव्या वर्षी त्या अपघातातून एकटी वाचते, डोंगरातून चालत बाहेर येते आणि घरच्या श्रीमंतीकडे पाठ फिरवते. २००६च्या ‘लेजंड’मध्येही विमान हिमालयातच पडतं, पण तिथली लारा नऊ वर्षांची आहे आणि सोबत आई आहे. ती आई नेपाळमधल्या एका मठात लेकीच्या डोळ्यांदेखत नाहीशी होते. २०१३ची लारा हिमालयात पडतच नाही, तिचं जहाज यामाताई बेटापाशी फुटतं. पहिला क्लासिक काळ, इंग्लंडमधल्या डर्बीच्या कोअर डिझाइन या कंपनीचा. दुसरा ‘लेजंड’, ‘ॲनिव्हर्सरी’, ‘अंडरवर्ल्ड’ या तिघांच्या आद्याक्षरांवरून एलएयू. तिसरा २०१३पासूनचा, सर्व्हायव्हर. हे शेवटचे दोन मुख्यतः क्रिस्टल डायनॅमिक्स या कंपनीचे.

ही विभागणी कथेवर आणि कंपनीवर बेतलेली आहे. क्लासिक काळातले सहाही गेम आता दोन रिमास्टर संचांत, म्हणजे जुन्याच गेमवर नवं चित्र चढवून, मिळतात. पहिले तीन १४ फेब्रुवारी २०२४ला आले आणि पुढचे तीन बरोबर वर्षाने, त्याच तारखेला. दोन्ही ॲस्पायर या कंपनीने काढले आहेत. मी दोन्ही संच खेळले. त्यानंतर माझं मत पक्कं झालं की लाराचा काळ तिच्या उडीवरून ओळखावा. त्या हिशोबाने सहावा गेम क्लासिकमध्ये बसत नाही.

मी दादरला एका आर्किटेक्टकडे ऑटोकॅडवर नकाशे काढते. रेघ, चौकट, माप यांतच दिवस जातो, आणि मला वाटतं ही गोडी मला जुन्या लारानेच लावली. मुलुंडच्या आमच्या घरी दादाने लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडला, त्यावर आम्ही टूम्ब रेडरचा दुसरा भाग खेळलो. कीबोर्ड दादाकडे आणि वही माझ्याकडे. कुठली किल्ली कुठे लागते, कुठल्या भिंतीमागे पोकळी आहे, हे मी चौकोनी कागदावर उतरवून ठेवायचे. कागदाच्या चौकोनांशी गेमचे चौकोन तंतोतंत जुळायचे, कारण तो गेम बांधलेलाच तसा आहे.

क्लासिक लाराची अख्खी दुनिया सारख्या मापाच्या ठोकळ्यांची आहे. एक ठोकळा १०२४ युनिटचा. उंची मोजायची ती त्याच्या चतुर्थांशात, म्हणजे २५६ युनिटच्या टप्प्यांत. चाहते त्या टप्प्याला ‘क्लिक’ म्हणतात. लाराची पावलंही याच मापाने चालतात. उभ्या जागेवरून उडी मारली तर एका ठोकळ्याची फट पार होते, धावत मारली तर दोन ठोकळ्यांची. धावत उडी मारून पलीकडची कडा हाताने धरली तर तीन. ठिकरीच्या घरांसारखं आहे सगळं: घर मोजून घ्यायचं, मगच पाय उचलायचा.

मोजायचं कसं, तेही गेमनेच ठरवून दिलं आहे. चालायचं बटण दाबून ठेवलं की लारा कड्याच्या टोकाशी जाऊन थांबते, पडत नाही. तिथून मागे एक टुणकन उडी घ्यायची. ही मागची उडी बरोबर तेवढीच असते जेवढी धाव पुढच्या उडीला लागते. मग पुढे धावायचं आणि उडीचं बटण लगेच दाबून धरायचं. ती लगेच उडत नाही, शेवटचं पाऊल टेकवून उडते. हात वेळेवर पुढे गेले तर कडा लागते, नाहीतर खालचे सुळे. यात नशिबाला जागा नाही. चुकलं तर कुठे चुकलं ते कळतं, आणि पुढच्या खेपेला तिथेच दुरुस्त करता येतं. मला हा गेम आवडतो तो या प्रामाणिकपणासाठी.

‘लेजंड’पासून हे सगळं बदललं. लारा कडेकडे हवेतच थोडी ओढली जाते, कधी एका हाताने लटकते आणि आपण बटण दाबून तिचा दुसरा हात टेकवायचा. सर्व्हायव्हरमध्ये तर कुठल्या कडेला धरायचं ते रंग फासून दाखवलेलं असतं. ते गेमही सुंदर आहेत. त्यांतल्याच ‘राइज’मधलं बर्फाचं वादळ मी आवडीने खेळले आहे. पण तिथे अंतर मोजायचं काम लारा करते, खेळणाऱ्याकडे ते राहत नाही.

२००७चा ‘ॲनिव्हर्सरी’ हा माझ्या म्हणण्याचा सगळ्यात चांगला पुरावा. १९९६च्या पहिल्या गेमचीच ती पुनर्बांधणी. पेरूच्या गुहा त्याच, दरीतला डायनासोर तोच, सेंट फ्रान्सिस फॉलीचा खोल विहिरीसारखा मनोरा तोच. तिथल्या चार दालनांपैकी थॉरचं दालन हेफेस्टसचं झालं आणि नेपच्यूनचं पोसायडनचं. इतकं साम्य असूनही एकही चाहता ‘ॲनिव्हर्सरी’ला क्लासिक म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे. जागा जुनी आहे, पावलं ‘लेजंड’ची आहेत.

आता पहिल्या संचाविषयी. यात तीन मूळ गेम आहेत, शिवाय ‘अनफिनिश्ड बिझनेस’, ‘द गोल्डन मास्क’ आणि ‘द लॉस्ट आर्टिफॅक्ट’ हे जादा भागही. एक बटण दाबलं की नवं चित्र जाऊन मूळ चित्र येतं, पुन्हा दाबलं की नवं. आधी मला ही नुसती गंमत वाटली होती, पण हे बटण मी सारखं वापरते. नव्या चित्रात भिंतीवर शेवाळ आलं, दगडाला तडे आले, झाडांना खरी पानं फुटली. त्या सजावटीत ठोकळ्यांच्या रेषा बुजतात. जुनं चित्र लावलं की फरशी पुन्हा चौकोनी दिसते आणि अंतर मोजता येतं. नव्या प्रकाशात काही गुहा जास्त अंधाऱ्याही आहेत. मी मुलुंड ते दादर लेडीज डब्यात स्विच या हातात धरून खेळायच्या यंत्रावर खेळते. दाराकडून ऊन आलं की कोपऱ्यातली किल्ली दिसणं कठीण, अशा वेळी जुनं चित्र कामी येतं. आतलं यंत्र मात्र जुन्या गेमचंच राहिलं आहे, उडीचं माप केसभरही हललेलं नाही. ओपनलारा नावाने हा जुना गेम ब्राउझरमध्ये चालवून दाखवणारे तिमूर गागिएव या रिमास्टरच्या तांत्रिक कामात होते. चाहत्याचा हात लागला की काय जपलं जातं, ते इथे दिसतं.

तिसऱ्या भागाची सुरुवात भारतात होते. चिखलात रुतवणारं जंगल, वाघ, वस्तू उचलून पळणारी माकडं, इंद्राच्या नावाची किल्ली, देवळात तलवारी घेऊन जिवंत होणाऱ्या अनेक हातांच्या मूर्ती, आणि मग गंगेच्या काठाने क्वाड बाइक. डर्बीत बसून कल्पिलेला हा भारत आहे. खऱ्या गंगेशी त्याचा काही संबंध नाही. गेम सुरू होताना एक सूचना येते की यात लोकांचं आणि संस्कृतींचं चित्रण पूर्वग्रहातून झालेलं आहे, आणि ते काढून टाकण्याऐवजी तसंच ठेवलं आहे. मला हे पटलं. वाघ मारत सुटणारा हा भारत १९९८ साली कसा रंगवला गेला, ते आजच्या मुलांना दिसायला हवं. आणि लेव्हल म्हणून जंगल अप्रतिम आहे. या भागात ठोकळ्यांना तिरके काप देता आले, त्यामुळे जमीन खडबडीत दिसते, तरी खालची चौकट जागच्या जागी आहे.

माझा भाचा कॉलेजात आहे. त्याची लारा म्हणजे धनुष्यबाणवाली, २०१३ची. पहिला संच हातात घेतल्यावर त्याने विचारलं, “मावशी, ही वळते का अशी, रणगाड्यासारखी?” त्या पद्धतीला टँक कंट्रोल म्हणतात ते याचमुळे. डावं-उजवं बटण लाराला जागच्या जागी फिरवतं, पुढचं बटण तिला तिच्या नाकासमोर नेतं. रिमास्टरमध्ये मॉडर्न कंट्रोलचाही पर्याय आहे. कॅमेरा जिकडे तिकडे ती धावते, त्यामुळे मोकळ्या जागेत आणि मारामारीत ते सोपं जातं. त्याने तेच लावलं आणि दुसऱ्या भागातल्या व्हेनिसमध्ये अडकला. मागे एक उडी, मग धाव, हे गणित त्या कंट्रोलवर नीट बसत नाही. मी म्हटलं, “अरे, आधी घरात जा.” क्रॉफ्ट मॅनोर म्हणजे लाराच्या वाड्यात सरावाची जागा आहे, तिथे टँक कंट्रोलवर उड्या बसवून घेतल्या की पुढचं सगळं उलगडतं. विन्स्टन नावाचा म्हातारा बटलर ट्रे खडखडवत मागे-मागे येतो, त्याला शीतकोठीत कोंडण्याचा जुना उद्योगही भाच्याने न सांगता केला.

दुसरा संच पहिल्याइतका एकजिनसी नाही. चौथा भाग, ‘द लास्ट रेव्हलेशन’, हा माझ्या मते क्लासिक काळाचा कळस. सुरुवातीला अंकोरवाटमधली लहान लारा, मग पूर्ण इजिप्त, आणि शेवटी कोसळत्या दगडांखाली ती गाडली जाते. दोरीला लोंबकळणं इथे आलं, ठोकळ्यांची शिस्त कायम राहिली. पाचवा ‘क्रॉनिकल्स’ तिच्या आठवणी काढणाऱ्या मित्रांच्या तोंडून सांगितला आहे आणि थोडका आहे. पण त्याच्या पीसी आवृत्तीसोबत २००० साली लेव्हल एडिटर दिला गेला, आणि त्यावर चाहते आजही नव्या लेव्हल बांधतात. हे शक्य झालं त्याच ठोकळ्यांमुळे.

सहावा ‘एंजल ऑफ डार्कनेस’, २००३चा, प्लेस्टेशन-२साठी आणि पीसीसाठी नव्याने लिहिलेला. पॅरिस, प्राग, लपतछपत चालणं, संवादात पर्याय निवडणं, एखादा दरवाजा ढकलून ताकद वाढवल्याशिवाय पुढची उडीच न जमणं. ठोकळे गेले, माप गेलं. गेम अपुरा बाहेर पडला आणि त्यानंतर मालिका कोअरच्या हातून गेली. रिमास्टरमध्ये हालचाल बरीच सुधारली आहे, गाळलेले काही संवादही परत आले आहेत. त्याचं उदास पॅरिस मला मनापासून आवडतं. तरी त्याला क्लासिक म्हणायला मी तयार नाही. कथा तीच आणि कंपनी तीच, म्हणून चाहते त्याला तिथे ठेवतात, पण हातांना तो परका लागतो. माझ्या यादीत तो एकट्याचा काळ आहे.

२०२१ साली क्रिस्टल डायनॅमिक्सने सांगितलं की हे वेगवेगळे काळ पुढे एका कथेत जोडणार. डिसेंबर २०२५मध्ये जाहीर झालेल्या दोन नव्या गेमपैकी ‘कॅटलिस्ट’ उत्तर भारतात घडणार आहे. कथा जोडता येतील. उडी मात्र कुठली तरी एकच निवडावी लागेल, आणि माझं लक्ष तिकडे आहे.

घ्यायचं असेल तर पहिला संच आधी घ्या. दुसऱ्या भागापासून सुरू करा, टँक कंट्रोलवर, आणि जवळ चौकोनी कागद ठेवा. पहिला भाग त्यानंतर खेळा, तिसरा सगळ्यात अवघड म्हणून शेवटी. दुसरा संच चौथ्या भागासाठी घ्यावा. त्यातला सहावा खेळाल तेव्हा मात्र मॉडर्न कंट्रोल लावा, तिथे ते शोभतं.