सर्व्हेअरचं लायसन्स, कंपनीतला क्लेम्स जॉब की टीपीए: कशात उतरायचं?

डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग झालंय, नाहीतर बीकॉम करून बसलाय, कुणीतरी कानात घातलंय की इन्शुरन्समध्ये क्लेम्सला माणसं लागतात, आणि आता नेमकं कुठे घुसायचं हे कळत नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये सगळ्यांना सरसकट क्लेम्स ॲडजस्टर म्हणतात, आपल्याकडे तेच काम तीन ठिकाणी वाटलं गेलंय: लायसन्सवाला सर्व्हेअर आणि लॉस असेसर, कंपनीत पगारावर बसलेला क्लेम्सवाला, आणि विमा कंपनीसाठी हेल्थचे क्लेम बघणारी बाहेरची एजन्सी, म्हणजे टीपीए (थर्ड पार्टी ॲडमिनिस्ट्रेटर). तिघांची तुलना करताना लोक डायरेक्ट पगारावर येतात, मी म्हणतो आधी काम काय आहे ते बघा, कारण शब्द तिकडेही तेच आणि इकडेही तेच असले तरी रोजचं डोकं वेगळ्या ठिकाणी लागतं.

कुठल्याही क्लेममध्ये प्रश्न दोनच असतात, पैसे द्यायचे का, आणि द्यायचे तर किती. पहिल्याला ऑफिसात लायबिलिटी म्हणतात, दुसऱ्याला क्वांटम. सर्व्हेअरचं आयुष्य मुख्यतः क्वांटममध्ये जातं, कंपनीतल्या माणसाचं लायबिलिटीत, आणि टीपीएवाल्याला दोन्ही करावं लागतं पण दुसऱ्याने आखून दिलेल्या चौकटीत आणि घड्याळाकडे बघत.

उदाहरण घेऊ, पावसाळ्यातली गाडी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, मुंबईत रस्तोरस्ती गाड्या बुडाल्या, आणि असल्या प्रत्येक पुरानंतर हायड्रोस्टॅटिक लॉक हा शब्द वर्कशॉपमध्ये जो तो बोलायला लागतो. होतं काय की गाडी पाण्यात बंद पडते, मालक घाबरून परत परत स्टार्टर मारतो, एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये जातं, पाणी दाबलं तर जात नाही त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. आता पूर तर पॉलिसीत कव्हर आहे, कार्पेट, सीट, फ्यूज बॉक्स, ईसीयू यांचं नुकसान सरळ दिसतंय, पण इंजिन? कंपनी म्हणते पाणी शिरल्यावर स्टार्ट केलं म्हणून झालं, म्हणजे कॉन्सिक्वेन्शियल लॉस (पुराने थेट नाही, नंतरच्या कृतीने झालेलं नुकसान), इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन असेल तर बोला.

इथे सर्व्हेअर काय करतो, तर दाराच्या आतल्या ट्रिमवर पाण्याची रेघ कुठपर्यंत आलीय ते बघतो, एअर फिल्टरचा डबा उघडून ओला आहे का, चिखल आहे का बघतो, इंजिन खोलायला लावतो, वाकलेल्या रॉडचे फोटो काढतो आणि पार्टनिहाय असेसमेंट करतो. तो कारणाबद्दल मतही लिहितो, पण तो रॉड पॉलिसीत बसतो की नाही याचा शेवटचा निर्णय कंपनीच्या टेबलावर होतो. तुम्हाला यातलं कुठलं टेबल आवडेल हे विचारा स्वतःला. चिखलात हात घालायला मजा येत असेल तर पहिलं, "या शब्दाचा अर्थ इथे असा होतो" म्हणून भांडायला मजा येत असेल तर दुसरं.

आता सर्व्हेअरकीबद्दल सविस्तर, कारण गैरसमज इथेच जास्त आहेत. विमा कायदा १९३८, कलम ६४ यूएम, तिथून हे लायसन्स येतं आणि देतं आयआरडीएआय, म्हणजे विम्याचं सरकारी नियामक मंडळ. इंजिनिअरिंगची डिग्री, सीए, कॉस्ट अकाउंटंट, विम्यातलं शिक्षण असलेले लोक, अशी पात्रता आहे, नुसत्या साध्या पदवीवर होत नाही हे नीट लक्षात घ्या. मग लायसन्स असलेल्या सर्व्हेअरच्या हाताखाली १२ महिने ट्रेनिंग, मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची परीक्षा, आणि सर्व्हेअरांची संस्था आहे तिची मेंबरशिप, तिला सगळे आयआयआयएसएलए म्हणतात आणि तिथे लायसेन्शिएट, असोसिएट, फेलो अशा पायऱ्या आहेत. लायसन्स डिपार्टमेंटनुसार मिळतं, फायर, मोटर, इंजिनिअरिंग, मरीन कार्गो, मरीन हल, लॉस ऑफ प्रॉफिट वगैरे, आणि तुमचं शिक्षण काय त्यावर कुठली डिपार्टमेंटं मिळणार ते ठरतं.

बहुतेक पोरं मोटर घेतात कारण गाड्या सगळीकडे आहेत. पण जरा थांबा. आता मोटरमध्ये ५० हजारांच्या आतल्या आणि बाकी क्लेममध्ये १ लाखाच्या आतल्या नुकसानीला लायसन्सवाला सर्व्हेअर नेमायची सक्तीच नाही. साडेतीन वर्षं जुनी हॅचबॅक धरा, पुढून ठोकलीय. बंपर ८ हजार, प्लॅस्टिक म्हणून ५० टक्के घसारा, हातात ४ हजार. पत्र्याचा फेंडर ६ हजार, गाडी तीन ते चार वर्षांत आहे म्हणून २५ टक्के घसारा, राहिले ४,५००. पुढची काच १२ हजार, काचेला घसारा शून्य, पूर्ण. मजुरी ७ हजार पूर्ण. पेंटिंगचं एकत्र बिल १० हजार, त्यातले २५ टक्के मटेरियल धरायचं आणि त्याच्यावर ५० टक्के कापायचं, म्हणजे १,२५० गेले, ८,७५० राहिले. बेरीज ३६,२५०, त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीचे सक्तीचे डिडक्टिबल (मालकाने स्वतः सोसायची रक्कम) १ हजार वजा, ३५,२५० मिळाले (जीएसटी आणि भंगाराची किंमत बाजूला ठेवलीय, नाहीतर डोकं फिरेल). बिल किती होतं, ४३ हजार. म्हणजे असला रोजचा अपघात कंपनी मोबाईलवर फोटो मागवून नाहीतर स्वतःच्या माणसाकडून उरकू शकते, बाहेरच्या सर्व्हेअरकडे जायची गरजच नाही. झिरो डेप (घसारा न कापण्याचं ॲड-ऑन) घेतलेलं असेल तर घसाऱ्याचं हे गणितही बरंचसं संपतं.

त्यामुळे माझं स्पष्ट मत, फक्त छोट्या गाड्यांच्या भरवशावर लायसन्स काढू नका. ट्रक, टोटल लॉस (दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस धरतात), आणि त्याहून चांगलं म्हणजे फायर, इंजिनिअरिंग, मरीन, तिथे अजून माणूस लागतो आणि लागणार. चाकणला शिफ्टमध्ये प्रेस मशीनचा शाफ्ट तुटला, न्हावाशेव्याला कंटेनर उघडला तर माल भिजलेला, हे फोटोवरून कोण ठरवणार?

आणि फायरमध्येच खरी डोक्याची कामं आहेत (नाव फायर असलं तरी गोदामातला पूरही त्यातच येतो). समजा चिपळूणसारखा पूर आला, २२ जुलै २०२१ ला आला होता तसा, आणि एका व्यापाऱ्याच्या गोदामात ४० लाखांचा माल होता पण विमा काढलेला ३० लाखांचा. १० लाखांचा माल गेला. व्यापारी म्हणणार ३० च्या आत आहे, द्या १० लाख. पण विमा तीन चतुर्थांशच काढलाय म्हणून नुकसानही तीन चतुर्थांशच भरून मिळणार, साडेसात लाख, आणि एक्सेस (व्यापाऱ्याने स्वतः सोसायचा भाग) वेगळा. याला ॲव्हरेज क्लॉज म्हणतात आणि क्लेम्समधली निम्मी भांडणं यावरून होतात. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या, छोट्या धंद्यांसाठीच्या भारत सूक्ष्म उद्यम आणि लघु उद्यम पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतचा अंडरइन्शुरन्स माफ आहे, घरासाठीच्या भारत गृह रक्षामध्ये तर तो लावतच नाहीत, पण वरच्या उदाहरणात तूट २५ टक्के आहे म्हणून सुटका नाही. आता ४० लाखांचा माल होता हे सिद्ध कसं करायचं? स्टॉक रजिस्टर भिजलंय, तर जीएसटी रिटर्न, बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट, खरेदीची बिलं, त्यावरून उलटं गणित मांडायचं. म्हणूनच सीए लोक या धंद्यात टिकतात. बीकॉमवाल्यांनो, सीए पूर्ण होणार असेल तर हा रस्ता आहे, अर्धवट राहिलं तर नुसत्या बीकॉमवर मात्र नाही.

पैशाचं म्हणाल तर सर्व्हेअरला पगार नाही, रिपोर्टमागे फी, ती कंपनी देते. म्हणजे आधी कंपनीच्या पॅनलवर नाव लागलं पाहिजे, मग काम मिळालं पाहिजे, मग बिल पास व्हायची वाट बघायची. घरात दुसरं उत्पन्न नसेल तर पहिली वर्षं जड जातात, हे कुणी सांगत नाही. उलट स्वतःचा मालक, आणि तालुक्याच्या गावी राहूनही करता येतं, कारण अपघात काय मुंबईतच होतात असं नाही. वेळेचा दट्ट्या मात्र आहे, २०२४ च्या नियमांनुसार कंपनीने २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत रिपोर्ट द्यायचा, आणि रिपोर्ट आल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. पार्टी कागद देत नाही आणि कंपनी रोज फोन करते, मधे तुम्ही.

कंपनीतल्या जॉबला लायसन्स लागेलच असं नाही, काही कंपन्यांत मोटरचे इन-हाऊस सर्व्हेअर असतात त्यांचं वेगळं. इथे सुरुवात फाईल उघडण्यापासून होते. क्लेम आला की अंदाजे किती जाणार ते ठरवून रिझर्व्ह टाकायचा, सर्व्हेअर नेमायचा, कागद मागवायचे, रिपोर्ट आला की पॉलिसीच्या शब्दांशी ताडून बघायचा. प्रॉक्झिमेट कॉज, म्हणजे नुकसानीचं मूळ कारण, हा शब्द सर्व्हेअरही वापरतो पण तुमचा त्यावर संसार चालतो. वीज पडली, त्याने आग लागली, आगीतून वाचवलेला माल रस्त्यावर पावसात भिजला, तर भिजणं हे आगीतच मोडतं का, असले प्रश्न.

दुसरा फरक शिकायचा तो एक्सक्लुजन आणि अटीचा भंग यातला. एक्सक्लुजन म्हणजे मुळातच कव्हर नाही. अट मोडली पण तिचा नुकसानीशी थेट मूलभूत संबंध नाही, तर सगळा क्लेम न नाकारता नॉन-स्टँडर्ड म्हणून ७५ टक्क्यांपर्यंत सेटल करायची पद्धत आहे, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये भाड्याने वापरलेल्या एका खासगी गाडीच्या अपघाताच्या केसमध्ये ती उचलून धरली. नवीन पोरं इथे सरळ रेप्युडिएशनचं, म्हणजे क्लेम नाकारल्याचं, पत्र टाइप करतात आणि मग ऑम्बड्समनकडून (विम्याच्या तक्रारी सोडवणारा लोकपाल) नोटीस आली की साहेबांच्या केबिनमध्ये उभी राहतात. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे ऑम्बड्समनचं ऑफिस आहे, ५० लाखांपर्यंतची भरपाई तिथून मिळू शकते, आणि आता हेल्थचा क्लेम नाकारायचा तर कंपनीच्या क्लेम्स रिव्ह्यू कमिटीची मंजुरी लागते. म्हणजे "नाही" लिहायला "हो" पेक्षा जास्त अभ्यास लागतो.

बाकी सर्व्हेअरचा रिपोर्ट कंपनीला बंधनकारक असतो का हे सगळे विचारतात. नाही, २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की तो अंतिम शब्द नाही, पण तो बाजूला ठेवायला कारण पाहिजे, आणि पहिला रिपोर्ट आवडला नाही म्हणून मनासारखा मिळेपर्यंत सर्व्हेअर बदलत बसायचं हेही चालत नाही.

टीपीएचं थोडक्यात. फक्त हेल्थ. बीएएमएस, बीएचएमएस झालेले बरेच डॉक्टर इथे मेडिकल ऑफिसर म्हणून असतात, बाकीच्यांना बिलिंग, क्वेरी, हॉस्पिटलशी फोनाफोनी असलं काम मिळतं. कॅशलेसची मंजुरी १ तासात, डिस्चार्जची ३ तासांत, त्यामुळे क्लेम्समधली सगळ्यात जास्त घाई इथे. क्लेम नाकारायचा निर्णय टीपीएचा नसतो, विमा कंपनीचा असतो, शिव्या मात्र टीपीए खाते. गणित शिकायचं ते प्रपोर्शनेट डिडक्शनचं. पॉलिसीत रूमची मर्यादा ५ हजार, पेशंटने ८ हजारांची घेतली, तर फरक फक्त भाड्यात कापत नाहीत, डॉक्टरची फी, ओटी वगैरे ८० हजार झाले असतील तर त्याचेही आठात पाच, म्हणजे ५० हजारच मिळतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना हे लावायचं नसतं, आणि बिल तपासताना घोळ नेमका इथेच होतो. शिवाय जुन्या आजाराचा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त ३ वर्षं, आणि ५ वर्षं सलग पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, हे दोन पाठ पाहिजेत. माझ्या मते डॉक्टर नसाल तर टीपीए ही शिकायची जागा आहे, मुक्काम करायची नाही, वर्ष-दोन वर्षं फाईली हाताळून विमा कंपनीच्या हेल्थ क्लेम्समध्ये उडी मारायची.

मग कुणी काय घ्यावं? मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिलवाले ज्यांना फिरायला आवडतं आणि दोन-तीन वर्षं ओढाताण सोसायची तयारी आहे त्यांनी लायसन्स, आणि मोटरबरोबर अजून एक डिपार्टमेंट मिळेल असं ट्रेनिंग. हाताखाली कुणाच्या काम करता हे कॉलेजपेक्षा महत्त्वाचं, नुसते फोटो काढायला पाठवणारा गुरू असेल तर वर्ष वाया. लॉ झालंय किंवा इंग्रजी ड्राफ्टिंग चांगलंय, महिन्याला ठराविक रक्कम घरी द्यायची आहे, तर कंपनी. इंजिनिअर असूनही मन ठरत नसेल तर मी आधी कंपनी सुचवेन, कारण तिथे बसून शंभर सर्व्हेअरांचे चांगले-वाईट रिपोर्ट फुकटात वाचायला मिळतात, आणि पुढे बाहेर पडलात तर पॅनलवर घेणारी माणसं ओळखीची असतात. इन्शुरन्स इन्स्टिट्यूटची लायसेन्शिएट परीक्षा तिन्हीकडे चालते, ती आत्ताच सुरू करायला हरकत नाही.

आणि हो, नोकरी करता करता शनिवार-रविवार बाहेरचे सर्व्हे करू का असं विचारणारे बरेच भेटतात. ते डोक्यातून काढा. सर्व्हेअरच्या रिपोर्टला किंमत असते ती तो तटस्थ आहे म्हणून, आणि एका कंपनीचा पगार घेऊन दुसरीच्या नुकसानीवर सही करणाऱ्याला पॅनलवर कुणी उभं करत नाही.