रोड मार्किंग पेंट (पाण्यातला, पांढरा आणि पिवळा): चार स्टार, पण आधी फक्की घ्या

कंपनीचं नाव लिहीत नाही, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचा माल वापरला आणि मला तरी काडीचा फरक दिसला नाही, फरक पडतो तो रंग कुठल्या जातीचा आहे त्यानं. आम्ही कोल्हापूरची तालमीची पोरं-पोरी, शाळेजवळच्या तिकटीवर मारला हा रंग. तिथं वळणावर रस्ता एवढा रुंद आहे की गाडीवाला ब्रेकला पाय न लावता वळतो आणि शाळा सुटली की बारकी पोरं मधोमध अडकतात. मग कोपरा रंगवून रस्त्यात बाहेर काढायचा, वर कुंड्या ठेवायच्या, म्हणजे गाडीला वळायला जागा कमी त्यामुळं स्पीड आपोआप कमी, आणि पोरांना ओलांडायचं अंतर पण कमी. टॅक्टिकल अर्बनिझम म्हणतात याला, नाव लय जड आहे पण काम साधं आहे, स्वस्तात करून बघा, जमलं तर पक्कं करा. न्यूयॉर्कला 2009 मध्ये टाइम्स स्क्वेअरला ब्रॉडवे गाड्यांना बंद केला तेव्हा सुरुवातीला बागेतल्या स्वस्त खुर्च्याच टाकल्या होत्या, पक्की फरशी नंतर काही वर्षांनी आली.

तर रंगाकडं. हार्डवेअरवाला आधी ऑईल पेंट गळ्यात मारायला बघतो, स्वस्त पडतो म्हणून. अजिबात घेऊ नका!! पाऊस पडला की त्याच्यावरून टू-व्हीलर घसरते, आणि आपल्याकडं पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको. रस्त्यासाठीचाच पाण्यातला ॲक्रिलिक मागा, तो खरखरीत बसतो, मोठा पट्टा भरायचा असेल तर थोडी चाळलेली बारीक वाळू मिसळा. ऊन असेल तर चहा पिऊन येईपर्यंत हाताला लागत नाही. हायवेवर दिसतो तो जाड पांढरा पट्टा थर्मोप्लास्टिकचा, ते 180-200 डिग्रीला वितळवून ओततात, ते कंत्राटदाराचं काम, त्याच्या नादाला लागू नका. काचेचे बारीक मणी मात्र जरूर मागून घ्या, ओल्या रंगावर भुरभुरले की रात्री हेडलाइटमध्ये चमकतात. नवीन डांबरावर लगेच मारला तर डांबराचं तेल वर येऊन पांढऱ्याचा चहा होतो, थोडे आठवडे थांबा. मास्किंग टेप धुळीवर चिकटत नाही, गवंड्याकडनं सूत आणा आणि ओळंबा धरल्यासारखं सरळ मारा.

पण खरं सांगायचं तर या सगळ्यात भारी वस्तू म्हणजे कबड्डीचं मैदान आखायची फक्की. रंगाचा डबा उघडायच्या आधी आम्ही फक्कीनं सगळा कोपरा आखला आणि शाळेच्या वेळेला नुसतं उभं राहून बघितलं, टायरनी जिथं फक्की पुसली तिथनं गाड्या खरंच जातात आणि जिथं जशीच्या तशी राहिली ती जागा कुणालाच लागत नाही, ती चालणाऱ्यांची. एवढं साधं. दुधाचा टेम्पो रेषेवरनं जात होता तर रेष आत घेतली, रिक्षा स्टँडवरचे काका आधी लय तापले होते, त्यांना झाडू आणि फक्की हातात देऊन म्हटलं काका तुम्हीच दाखवा रिक्षा कुठं लावता, तर त्यांनी काढलेली रेष आमच्यापेक्षा बरी निघाली. (आमच्यात एक आर्किटेक्चर शिकणारी आहे, तिचं तोंड बघण्यासारखं होतं 😄) हे सगळं रंगानं केलं असतं तर पुसायचं कशानं?

परवानगी घ्याच. वॉर्ड ऑफिसात अर्ज आणि ट्रॅफिकवाल्यांना कल्पना, कारण रस्त्यावर मनानं झेब्रा मारला तर उद्या एखादा त्याच्या भरवशावर उतरेल आणि गाडीवाला थांबणार नाही. आम्ही झेब्राला हात लावला नाही, फक्त कोपरा.

एक स्टार का कापला? टायर जास्त फिरतात तिथं पांढरा लवकर काळा पडतो, पिवळा त्या मानानं टिकतो, आणि डबा अर्धा उरला तर झाकण घट्ट लावूनसुद्धा वर साय धरते, गाळून घ्यावा लागतो. म्हणून मोठा डबा एकट्यानं घेऊ नका, शेजारच्या गल्लीतल्या मंडळाला पण कोपरा करायचा असेल तर वाटून घ्या. घ्यायचा दिवाळीनंतर, पावसाळ्यात दुकानदार काहीही सांगू दे.